मृदंगामागचे हात : चेन्नई ते मानामदुरै

शनिवार, चेन्नई

मैलापूरच्या सभागृहात गायिकेची मुख्य कृती, म्हणजे मैफलीतली मोठी रचना, संपत आली. तिनं शेवटची ओळ गाऊन सोडून दिली आणि मृदंगवादकाकडे बघून मान हलवली. इथून पुढची वीसेक मिनिटं कातडं, माती आणि बोटं यांची होती. कर्नाटक संगीतात याला तनि आवर्तन म्हणतात. आधी मृदंग, मग घटम म्हणजे मातीचा घट, मग खंजिरा म्हणजे कातड्याचं लहान कडं, असे पाळीपाळीनं वाजवतात. प्रत्येक फेरीत वाटा लहान होत जातो, आठ मात्रांचा चार, चाराचा दोन, आणि शेवटी तिघं मिळून एक लांबलचक रचना उचलतात, ती तीनदा फिरवून समेवर आणून ठेवतात. आपल्याकडच्या तिहाईवर जीव लावलेल्या माणसाला यासारखं सुख नाही.

बाबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. मी तबला शिकले आहे. दोघांच्याही मनात बरीच वर्षं होतं की मार्गळीच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यानंतर, चेन्नईला जाऊन ऐकायचं. या महिन्यात शहरभर सकाळपासून रात्रीपर्यंत सभांमधून, म्हणजे संगीतसंस्थांमधून, मैफली चालतात, सभेच्या उपाहारगृहात केळीच्या पानावर जेवण मिळतं आणि शेजारी बसलेल्या आजीबाईसुद्धा मांडीवर आठ मात्रांच्या आदितालाचे हिशेब बिनचूक ठेवत असतात. एक थाप, तीन बोटं, मग थाप-पालथा हात, थाप-पालथा हात. बाबा हळूच म्हणाले, "आपल्याकडे टाळ वारकऱ्याच्या हातात असतो, इथं सगळ्या सभेच्या हातात आहे."

तनि सुरू झालं की काही लोक उठून कॉफीला जातात. मला ते फार लागलं. मृदंगाचा कलावंत अडीच तास दुसऱ्याच्या गाण्याला खांदा देतो आणि त्याची स्वतःची वेळ आली की खुर्च्या रिकाम्या होतात. मृदंगवादक पालघाट मणि अय्यर यांना १९६६ साली चेन्नईच्या म्युझिक अकादमीनं संगीत कलानिधी ही पदवी दिली. मृदंगवादकाला ती मिळण्याची ती पहिली वेळ, आणि अकादमी तर १९२८ पासून आहे.

मैफल संपल्यावर दारात मिळालेलं पत्रक पुन्हा वाचलं. गायिका, व्हायोलिन, मृदंग, घटम, खंजिरा. सगळ्यांची नावं, त्यांच्या गुरूंची नावं. वाद्य कुणी घडवलं ते कुठंच नाही. आमच्या घरी बाबांच्या पखवाजाला पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, चढवणाऱ्या कारागिराचं नाव गवयाच्या नावाइतक्याच मानानं घेतात, म्हणून ही रिकामी जागा मला लगेच दिसली. पुढचे दिवस आम्ही दक्षिणेकडे उतरत जाणार होतो, लाकडापासून मातीपर्यंत, त्या न छापलेल्या नावांच्या गावांना.

रविवार, पन्रुटि

चेन्नईहून गाडीनं विळुपुरम, आणि तिथून थोडं पुढे पन्रुटि. कडलूर जिल्ह्यातलं हे गाव फणसाचं आणि काजूचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फणसाची झाडं, बाजारात फणसाच्या वखारी. आता फणसाचा मोसम नव्हता, पण लाकडाला मोसम नसतो. मृदंगाचं खोड आणि तंजावूरची वीणा, दोन्हींसाठी इथलंच फणसाचं लाकूड नावाजलेलं आहे.

एका वखारीच्या मागच्या पडवीत खोडं कोरण्याचं काम चालू होतं. ताजं कापलेलं फणसाचं लाकूड हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षं जातात तसं तपकिरी होत जातं. पडवीभर तोच पिवळा भुसा, कारागिराच्या भुवयांवरसुद्धा. झाड जुनं हवं, बुंध्याकडचा भाग हवा, मधला गाभा हवा. वरच्या फांदीचं लाकूड घेतलं तर मृदंग हलका होतो, उचलायला बरा, पण आवाज पोकळ येतो. ओंडका तोडून लगेच कोरत नाहीत. आधी वाळवायचा, मग बाहेरून घडवायचा, मग आतून कोरायचा, आणि पुन्हा वाळवायचा.

मृदंग दोन्ही बाजूंना निमुळता असतो, पण सारखा नाही. पोट मधोमध नसतं, एका अंगाला सरकलेलं असतं, आणि डावं तोंड उजव्याहून मोठं. कारागिरानं एक कोरलेलं खोड उचलून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते कानाशी नेलं आणि बोटाच्या पेरानं ठोकत ठोकत एका टोकाकडून दुसरीकडे गेले. एका जागी थांबले, पुन्हा ठोकलं. कारागीर हसला आणि खडूनं नेमकी तिथंच खूण केली. भिंत तिथं जाड राहिली होती. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी हा संवाद पुरा झाला.

पन्रुटिला याहून जास्त थांबण्यासारखं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं चिदंबरम, मायिलाडुतुरै, कुंभकोणम करत रात्री तंजावूर.

सोमवार, तंजावूर

तंजावूरला आलेल्या मराठी माणसाचे पाय आधी बृहदीश्वराकडे वळतात. राजराज चोळानं १०१० च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ, आणि त्याच्या भिंतीवर १८०३ साली सरफोजीराजांच्या काळात कोरलेला भोसल्यांचा इतिहास. देवनागरी, मराठी, ओळीमागून ओळी. बाबा दगडावर बोट ठेवून मोठ्यानं वाचू लागले तेव्हा शेजारून जाणारी एक तामीळ मुलगी थबकून ऐकत राहिली.

मला मात्र त्याहून जुना एक लेख बघायचा होता. राजराजानं देवळाच्या सेवेसाठी चारशे नर्तकी आणून वसवल्या, त्यांची नावं, त्या कुठल्या देवळातून आल्या ते, आणि त्यांना दिलेली घरं, सगळं इथं दगडावर आहे. तेवढ्यावर तो लेख थांबत नाही. गाणारे, वाजवणारे, उडुक्कै म्हणजे आपल्या डमरूच्या जातीचं वाद्य वाजवणारे, छत्र धरणारे, दिवे लावणारे, शिंपी, सुतार, कासार, कुंभार, प्रत्येकाचा वाटा किती ते लिहून ठेवलं आहे. शनिवारच्या त्या पत्रकाला हजार वर्षांपूर्वीच्या या याद्यांची सर नाही. राजाला कळत होतं की नाचणारीचं पाऊल पडायचं तर भांडं घडवणाऱ्यापर्यंत सगळे लागतात.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय. मोडी आणि देवनागरीतली हजारो मराठी हस्तलिखितं तामीळ भूमीत सांभाळून ठेवली आहेत हे वाचून माहीत असतं, समोर पाहिल्यावर ऊर भरून येतो. व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावूर घेतलं आणि १८५५ पर्यंत इथं मराठ्यांची गादी होती. मराठ्यांमागून इथं येऊन रुजलेल्या गोष्टींत कीर्तन ही फार मोठी गोष्ट. १८६४ च्या चातुर्मासात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावूरला आले आणि त्यांच्या कीर्तनांनी गाव वेडं झालं. तंजावूर कृष्ण भागवतरांनी तो ढंग उचलून तामीळ हरिकथा उभी केली. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्तं आजही तामीळ हरिकथेत त्याच नावांनी गातात.

आणि इथंच मृदंगाचा धागा आहे. कृष्ण भागवतरांच्या काळात भजनाला आणि हरिकथेला साथ करणारे नारायणस्वामी अप्पा मूळ महाराष्ट्रीय कुळातले. मृदंगाची तंजावूर बाणी, म्हणजे वादनाची शैली, सांगताना त्यांचं नाव सुरुवातीला येतं. त्या बाणीत पुढे वैद्यनाथ अय्यर झाले आणि त्यांच्याकडे शिकले पालघाट मणि अय्यर. कीर्तनकाराच्या मागं उभं राहून वाजवणाऱ्याला शब्द सोडता येत नाही, ओवीचा चरण जिथं टेकतो तिथं थाप पडावी लागते. मणि अय्यरांच्या जुन्या ध्वनिमुद्रणात मृदंग कृतीच्या शब्दांना असा काही बिलगून चालतो की बाबा म्हणतात, "हा माणूस कुठंतरी कीर्तन ऐकून मोठा झालाय." आता त्यांना त्याचं कारण मिळालं.

रात्री ओळखीतून एका तंजावुरी मराठी कुटुंबाकडे जेवण. पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहिलेली मंडळी. त्यांची मराठी आपल्याला कळते, पण वळण जुनं आणि वाक्याचा हेल तामीळ. ताटात डांगर पच्चडी होती. जेवणानंतर भजन झालं. घरातल्या मृदंगावर बाबांनी धुमाळी धरली, तुकोबांचा अभंग यजमानांनी तामीळ उच्चारात म्हटला, आणि एकाही जागी कुणाला थांबून बघावं लागलं नाही. यजमान राव उद्या आमच्याबरोबर कारागिरांकडे दुभाषे म्हणून यायला आपणहून तयार झाले.

मंगळवार, तंजावूर

सगळा दिवस एका कारागिराच्या उंबऱ्याच्या आत गेला.

लहानशी खोली. भिंतीला टेकून खोडं, दोरीवर वाळत घातलेल्या वाद्या म्हणजे कातड्याच्या पट्ट्या, कोपऱ्यात पाण्यात भिजत असलेलं कातडं. वास येतो, आणि तो यायलाच हवा. एका मृदंगात गाय, म्हैस आणि शेळी, तीन जनावरांची कातडी लागतात. वादी म्हशीची. उजव्या पुडीत तीन थर असतात, वरचा थर मधोमध गोल कापून काढलेला, त्यामुळं कडेची चाट राहते आणि आतलं मैदान उघडं पडतं. चाट आणि मैदान यांच्या मध्ये कारागीर केरसुणीच्या काडीचे बारीक तुकडे चारी बाजूंनी सरकवतो. त्यानं कडेच्या बोलाला एक झणझणीत गुंजन येतं. तबल्याच्या चाटीत अशा काड्या घालत नाहीत. बाबांनी काड्या घालण्याआधी आणि नंतर तोच बोल दोनदा वाजवायला लावला. आधीचा आवाज स्वच्छ होता, नंतरचा जिवंत.

मग शाई, पुडीच्या मधोमधचा काळा गोल. यासाठीच आम्ही आलो होतो.

काळ्या दगडाची वस्त्रगाळ भुकटी आणि मऊ शिजवलेला भात एकत्र मळून केलेला गोळा कारागिरानं डाव्या हाताशी ठेवला. मृदंग मांडीशी आडवा, पायानं दाबून धरलेला. त्यानं चिमूटभर लगदा मधोमध ठेवला, अंगठ्यानं गोल पसरवला आणि गुळगुळीत दगडानं घासायला घेतलं. घासत राहायचं, ओल उडून थर सुका होऊन चकाकेपर्यंत. मग पुढचा थर, आधीच्याहून जरा लहान वर्तुळाचा. मग पुन्हा दगड. प्रत्येक थरानंतर तर्जनीनं एक टिचकी, मान किंचित तिरपी, पुन्हा लगदा. थर चढत गेले तशी वर बारीक भेगांची जाळी उमटू लागली. मी चपापले, पण रावांनी विचारून सांगितलं की भेगा हव्यातच. शाई अखंड ताठ राहिली तर कातड्याला हलू देणार नाही. थर घट्ट चिकटलेला हवा आणि तरी कण सुटे हवेत, ही गोष्ट त्या दगडाच्या घासण्यातून येते. तासाभरापूर्वी जे कातडं नुसतं 'ढब' म्हणत होतं, ते आता सूर सांगू लागलं. बाबांनी मोबाइलवर तानपुरा लावला आणि षड्ज जुळला.

साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी पूर्णांकी नात्यात नसतात, म्हणून डफाचा किंवा ढोलाचा ठाम असा सूर सांगता येत नाही. मधोमध शाईचं वजन पडलं की ते उपस्वर सरकून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा रांगेत येऊन बसतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये हे मांडलं आणि पुढे १९३० च्या दशकात आणखी खोलात जाऊन दाखवलं की कातड्याच्या कंपनाचे पहिले नऊ प्रकार पाच सुरांमध्ये गोळा होतात. तबला, पखवाज, मृदंग या सगळ्यांचं मर्म ते हेच. रामन यांच्या कागदावर गणित उतरण्याआधी शेकडो वर्षं ते या बोटांना येत होतं.

डाव्या तोंडाला, म्हणजे तोप्पीला, कायमची शाई नसते. वाजवण्याआधी रव्याचा ओला गोळा लावतात आणि मैफल झाली की काढून टाकतात. बाबा कणीक लावतात. दोघांनी एकमेकांना आपापल्या मिश्रणात पाणी किती ते बोटांनी दाखवलं. सूर मिळवण्यासाठी आपल्यासारखे लाकडी गठ्ठे इथं नसतात, दगड आणि लाकडी ठोकळ्यानं गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणीवर, ठोकून चढवतात-उतरवतात.

जेवायला बसलो तेव्हा कारागिरानं घराण्याची गोष्ट सांगितली. तंजावूरचे मृदंग घडवणारे बहुतेक दलित ख्रिस्ती. सेबॅस्टियन यांच्या घराण्याचं नाव या कामात सगळ्यांत मोठं, आणि त्यातले परलांदु हे मणि अय्यरांचे कारागीर. मणि अय्यरांच्या कानात जो आवाज होता तो कातड्यावर उतरवायला परलांदुंनी वर्षानुवर्षं पुडी, वादी, शाई बदलून पाहिली. मैफलीत ज्याला आपण मणि अय्यरांचा नाद म्हणतो त्यात अर्धा वाटा परलांदुंचा आहे असं माझं ठाम मत झालं आहे. पण कातडं हाताळणारा म्हणून कारागिराला ओसरीवर थांबवायचं आणि त्याच कातड्यावरचा बोल देवघरात वाजवायचा, हे चालत आलं. आपल्याकडेही फार वेगळं नाही. पखवाजाची पूजा होते, हळदकुंकू लागतं, आणि पुडी चढवणाऱ्याला किती कीर्तनांत पुढं बसवलं जातं हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

निघताना बाबांनी कारागिराचे हात हातात घेतले. तळव्याच्या कडेला दगड धरून धरून घट्टे पडले होते. बाबांच्याही तळव्याला घट्टे आहेत, थाप जिथं पडते तिथं.

बुधवार, तिरुवारूर

तंजावूरहून सव्वा-दीड तासावर तिरुवारूर. कर्नाटक संगीताचे तीन थोर रचनाकार, त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री, तिघंही इथले. गावात शिरताच कमलालय तळं, देवळाच्या आवाराशी बरोबरी करणारं.

आम्ही आलो होतो ते पंचमुख वाद्यासाठी. धातूचा मोठा घडा, त्याला पाच तोंडं, मधलं मोठं आणि भोवती चार, पाचही कातड्यानं मढवलेली. शिवाच्या पाच मुखांची नावं त्यांना आहेत : सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष, ईशान. काठी नाही, थेट हातांनी वाजवायचं. जोडीला शुद्ध मद्दळ, मृदंगाच्या जातीचं वाद्य. वाजवण्याचा मान इथल्या एका घराण्याकडे पिढीजात चालत आला आहे.

पूजेच्या वेळी आम्ही खांबाशी उभे राहिलो. वादक उभ्यानं वाजवतो. एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर हात जातो तेव्हा आवाज एकाच घड्यातून येत असतो, त्यामुळं एका तोंडावरची थाप बाकीच्या चारांना आतून ढकलते. दगडी मंडपात तो घुमारा छातीत बसतो. मोजकेच बोल आणि बोलांमध्ये भरपूर मोकळी जागा. इतकं थोडं वाजवून इतकं भरून टाकणारं वाद्य मी दुसरं ऐकलेलं नाही. बाबांनी तिथं चकार शब्द काढला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आपण फार वाजवतो गं."

गुरुवार, पुदुक्कोट्टै

तिरुचिरापल्लीला गाडी बदलून पुदुक्कोट्टै. मुक्काम छोटाच होता, पण खंजिऱ्यासाठी इथं उतरणं आवश्यक होतं.

फणसाच्या लाकडाचं एक लहानसं कडं, एका बाजूला कातडं, कडेच्या खाचेत दोन-तीन नाणी. देवळातल्या भजनांत हे वाद्य होतंच. पुदुक्कोट्टैच्या मान्पूंडिया पिळ्ळै (१८५९–१९२२) यांनी ते मैफलीच्या मंचावर मृदंगाच्या शेजारी बसवलं. लयीचा जो हिशेबी, गुंतागुंतीचा विचार पुदुक्कोट्टै बाणीत दिसतो तो त्यांच्यापासूनचा. त्यांचे शिष्य दक्षिणामूर्ती पिळ्ळै यांनी तो पुढे नेला आणि आज मृदंगवादनाच्या दोन मोठ्या वाटा सांगतात त्यातली एक ही.

मराठी माणसाला हे कडं परकं नाही. वाघ्याच्या हातातली दिमडी याच कुळातली. तुकडोजी महाराजांची खंजिरी तर विदर्भाच्या गावागावांत पोचली. पण इथल्या खंजिऱ्यावर एकच हात वाजतो. दुसऱ्या हातानं कडं धरायचं आणि त्याच हाताच्या बोटांनी कातडं मागून-कडेनं दाबून सूर खाली-वर करायचा. मृदंगाचे दोन हातांचे बोल पाच बोटांत बसवायचे. वाजवण्याआधी कातड्याला आतून पाणी लावून ते ढिलं करतात, त्याशिवाय तो खर्ज मिळत नाही. पाणी जरा जास्त झालं तर आवाज बसतो, वाळत आलं तर चढतो. मैफलभर वादकाची नजर पाण्याच्या वाटीकडे असते ती म्हणून. शक्ती या वाद्यवृंदाला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळालं, त्यात झाकिर हुसेन यांच्या तबल्याशेजारी व्ही. सेल्वगणेश यांचा खंजिरा होता.

एक गोष्ट दुकानदारानं आपणहून सांगितली. पूर्वी खंजिऱ्याला घोरपडीचं कातडं लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, त्यामुळं आता शेळीचं किंवा कृत्रिम कातडं. जुने लोक नादासाठी हळहळतात. मला त्यांची हळहळ समजते, पण एका नादासाठी रानातली घोरपड संपवणं मला मान्य नाही. दुकानदारानं शेळीच्या कातड्याचे तीन वेगवेगळे खंजिरे वाजवून दाखवले. तिसरा मी घेतला.

शुक्रवार, मानामदुरै

पुदुक्कोट्टै, शिवगंगा, मानामदुरै, असा हा लोहमार्ग. वैगै नदीच्या काठचं हे गाव आणि त्याची मडकी. इथल्या मातकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. गावात घरोघर चाक, अंगणात ओळीनं वाळत घातलेल्या चुली, पणत्या, रांजण. पोंगल जवळ आलेला, म्हणून सगळीकडे पोंगलच्या मडक्यांची घाई.

घटम दिसतो मडक्यासारखा, पण तो उचलला की कळतं. भिंत जाड, वजन अंगावर येणारं. चेन्नईकडचा घट हलका आणि मऊ बोलणारा, मानामदुरैचा जड आणि खणखणीत, बोटाच्या नखाला धातूसारखं उत्तर देणारा. आजूबाजूच्या तळ्यांतल्या वेगवेगळ्या मात्या आणि बारीक वाळू मिसळून चिखल मळतात. कुठली माती किती, हे ज्याचं त्याच्या घरात. चाकावर आकार येतो तो कामाचा आरंभ. खरं काम पुढचं, आणि ते आम्ही पाहिलं ते एका बाईंच्या हातून.

त्या अंगणात बसल्या होत्या. अर्धवट सुकलेला घट मांडीवर, डावा हात त्याच्या आत, हातात गोल दगड. उजव्या हातात लाकडी चोपणं. आतून दगड टेकवायचा आणि बाहेरून बरोबर तिथंच चोपणं मारायचं. घट किंचित फिरवायचा, पुन्हा मारायचं. आतला हात दिसत नाही, तरी दगड आणि चोपणं यांची गाठ एकदाही चुकत नव्हती. हजारो वेळा चोपून भिंत सगळीकडून सारख्या जाडीची होते आणि मातीतली हवा निघून जाते. एक बुडबुडा राहिला तर भट्टीत घट फुटतो. जाडीत फरक राहिला तर फुटत नाही, पण मानेशी एक सूर आणि पोटाशी दुसरा लागतो, आणि मग तो घट पाण्याचा माठ म्हणून जातो. बाबा जरा वेळानं त्यांच्या चोपण्यावर मांडीवर ठेका धरू लागले. बाईंच्या ते लक्षात आलं, त्या हसल्या, पण चाल बदलली नाही.

कातडं ढिलं-घट्ट करता येतं. मातीचं तसं नाही, भट्टीतून निघाला तो सूर कायमचा. म्हणून घटवादक वेगवेगळ्या सुरांचे घट बाळगतात. सुकन्या रामगोपाल यांनी तर वेगवेगळ्या सुरांचे घट मांडून घटतरंग उभा केला. त्यांचे गुरू विक्कु विनायकराम यांनी हेच मडकं जगभर फिरवलं. १९९१ च्या 'प्लॅनेट ड्रम' या ध्वनिमुद्रिकेत ते होते आणि तिला ग्रॅमी मिळालं. आणि ज्यांच्या हातचं मडकं असं जगभर वाजतं, त्यांतल्या मानामदुरैच्या मीनाक्षी केशवन यांना संगीत नाटक अकादमीनं वाद्यघडणीसाठी पुरस्कार दिला. गाण्यावाजवण्याच्या पुरस्कारांच्या यादीत मातीनं माखलेल्या हातांचं नाव आलं, ही गोष्ट मला या प्रवासात सगळ्यांत मोलाची वाटली.

शनिवार, मानामदुरै

सकाळी भट्टी उघडणार होती म्हणून मुक्काम वाढवला. लाकूड, झावळ्या, पेंढा यांच्या आगीत भाजलेले घट राख झटकून एकेक बाहेर काढले. बाई प्रत्येकाला तीन जागी वाजवत होत्या, मानेवर, खांद्यावर, पोटावर. काही घट लगेच डावीकडे, काही उजवीकडे. डावीकडची रास मोठी होत गेली.

बाबांनी उजवीकडच्यांतला एक उचलला. मांडी घालून बसले, घटाचं तोंड पोटाशी लावलं आणि तळव्यानं मानेखाली थाप दिली. तोंड पोटापासून जरा दूर केलं की खर्ज खुलतो, जवळ घेतलं की मिटतो. पाच मिनिटांत पखवाजाचे बोल त्यावर निघू लागले. त्यांना तो पसंत पडला. बाईंनी मात्र तो काढून घेतला, खांद्याशी एका जागी नखानं वाजवून दाखवलं आणि मान हलवली. मला फरक ऐकू आला नाही. बाबांना दुसऱ्या वेळी आला. बाईंनी दुसरा घट दिला, काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा, आणि पैसे मोजून घेतले ते त्यावर बाबांनी पुरता त्रिताल वाजवून झाल्यावर.

भजनी मंडळाची पेटी पांढरी चारमध्ये चालते, त्या सुराचा घट या भट्टीत एकही नव्हता. पोंगलची मडकी संपली की पुढच्या भट्टीत बघतो असं बाईंच्या मुलानं सांगितलं आणि वहीत आमचं नाव, सूर आणि फोन नंबर लिहून घेतला. बाबांनी त्याला थांबवून आईचं पूर्ण नाव विचारलं आणि आपल्या वहीत मराठीत लिहून, बरोबर आलं का म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं एक उच्चार दुरुस्त केला. मग पेंढा, पोतं, सुतळी, आणि मदुरैची बस.